कोणी घेऊ नये

कप खाली ठेवताना तिच्या लक्षात आलं की चहा गरम असतानाच संपला, आणि तिचं डोकं सणकलं. दुकानात बसायला लागल्यापासून अकराचा चहा तिने कधी गरम संपवला नव्हता. एक घोट घ्यावा, की टेबलावरचा जुना टॅब टिंग करायचा. कुणीतरी कुठेतरी उशी मागवलेली असायची. नाव-पत्ता वाचायचा, मागे वळून शिवणाऱ्या मावशींना सांगायचं, मावशी फळीवरून उशी काढणार, तोवर दुसरं टिंग. चहावर साय धरायची. थंड चहा पिऊन पिऊन तिला त्याचीच गोडी लागली होती, आणि आजचा गरम चहा घशाखाली उतरला तो अपमानासारखा. टॅब गप्प होता. तिने तो उचलला, आवाज बंद नाही ना ते पाहिलं, ओढणीने पुसला, परत ठेवला. नवी वेबसाइट सुरू झाल्यापासून हे असं चाललं होतं. ऑर्डरी पहिल्यांदा कमी झाल्या तेव्हा ती म्हणाली, महिनाअखेर आहे. महिना सुरू झाला तेव्हा म्हणाली, लोक बाहेरगावी गेले असतील. आता लोक परत आले होते, महिन्याचा मध्य होता, सबबी संपल्या होत्या आणि उशा छतापर्यंत रचलेल्या होत्या. चांगलं चाललेलं दुकान हिने स्वतःच्या हाताने, हौसेने, रंग निवडनिवडून बसवलं, असं कुणी तोंडावर म्हणालं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं; पण कुणी म्हणतच नव्हतं, आणि खरा राग त्याचाच होता.

म्हणायला हवं होतं ते माणूस आतल्या खोलीत उशीचे कोपरे शिवत बसलं होतं. बाबा. पायाशी कापसाचं पोतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंड शिवलेलं. दुकान तिच्या हाती दिल्यापासून ते दुकानाबद्दल चकार शब्द बोलत नव्हते. दिल्यापासून म्हणजे तरी काय, तिने घेतल्यापासून. विमा कंपनीतली नोकरी सोडून ती आली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "दुकान तुझ्यासाठी नाही." तरी तिने घेतलं. तेव्हा त्यांनी एक अट घातली, की धंदा बसला तर मी जागा देऊन टाकीन, मग रडायचं नाही. जागेवर एका मोठ्या गाद्यांच्या कंपनीचा डोळा होताच. आणि आज दुपारी त्या कंपनीचा माणूस जागा मोजायला येणार होता. हेही बाबांनी तिला सांगितलं नव्हतं. मावशींनी सांगितलं, तेही "ताई, मी बोलले असं म्हणू नका" म्हणत, शिलाई मशीनच्या खडखडाटाआडून. म्हणजे बोलवणंही झालं होतं, वेळ ठरली होती, आणि ती मालकीण म्हणून गल्ल्यावर बसून गरम चहा पीत होती.

तिने वेबसाइटवाल्याला फोन लावला. या आठवड्यात कितव्यांदा, ते त्यालाच ठाऊक. हा पोरगेला माणूस दिसायला गरीब, बोलायला लोण्यासारखा, आणि त्याचं म्हणणं कायम एकच, की साइट पळतेय, मॅडम. आधीची रांगत होती, ही पळतेय. पळतेय, पण रिकामी पळतेय त्याचं काय, असं तिने विचारलं. तो हसला. त्याने परत सगळं तपासलं. पैसे भरायचं पान उघडतंय, मोबाइलवर नीट दिसतंय, शोधलं तर दुकान सापडतंय, जाहिरातीवरून येणारं माणूस बरोबर दारात उतरतंय. येणारे कमी झालेले नाहीत, उलट पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात, असं तो म्हणाला तेव्हा तर तिला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. थांबतात आणि करतात काय, मेले? हवा खातात? शेवटी त्याच्यावर विश्वास नको म्हणून तिने स्वतःच्याच दुकानातून एक उशी मागवली. मोबाइलवर बोट फिरवत गेली, नाव घातलं, घरचा पत्ता घातला, पैसे भरले. कुठे अडलं नाही. लोण्यातून सुरी जावी तशी ऑर्डर गेली, आणि टेबलावरचा टॅब म्हणाला, टिंग. मशीन थांबलं. मावशी हात पुसत उठल्या. त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की तिला तिकडे बघवेना. "कुठली काढू, ताई? लोकरीची?" त्या फळीपाशी स्टूल ओढत होत्या. काही काढू नका, ती म्हणाली, माझीच आहे, मी करून बघत होते. मावशी स्टुलावर एक पाय ठेवून तशाच उभ्या राहिल्या, मग "हो का" म्हणून परत मशीनवर बसल्या. आतून बाबांचा धागा तोडल्याचा आवाज आला. त्यांनी ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं करायची त्यांची ती जुनी खोड, आणि तिला वाटलं, एकदा, निदान एकदा तरी या माणसाने उठून बाहेर यावं आणि म्हणावं, मी सांगितलं होतं. मग तिला काय काय बोलायचं होतं ते सगळं तयार होतं.

आख्खी गल्ली बाबांना नकोबा म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक दुकानात आलं की बाबा त्याला बाकावर आडवं व्हायला लावायचे. मोठा साहेब असो नाहीतर हमाल असो, बूट काढून आडवा. मग मानेखाली एक उशी सरकवायचे, डोकं एका हाताने तोलल्यासारखं करायचे, बाजूला होऊन बघायचे आणि म्हणायचे, "ही तुमच्यासाठी नको." दुसरी सरकवायचे. "हीपण नको. तुम्ही कुशीवर झोपता. ही पाठीवर झोपणाऱ्याची." लहानपणी शाळेतून आल्यावर ती याच बाकाखाली बसून डबा संपवायची, आणि तिच्या डोक्यावर दिवसभर नको, नको, नको चालायचं. माणसं वैतागायची. काही उठून निघून जायची. पण बरीचशी भांडायची. माझी मान आहे, मला कळतं, मला हीच हवी, पैसे मी देतोय ना! आणि गंमत अशी की भांडणारं गिऱ्हाईक बाबांना आवडायचं. तोंड वाकडं करून का होईना, ते दोरीचं भेंडोळं पुढे ओढायचे आणि म्हणायचे, "बांधून देऊ, का तशीच नेता?" नको म्हटल्यावरही जे घेऊन जातात ते कधी परत करायला येत नाहीत, हे त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. तिला ते वाक्य, तो बाक, तो तोलणारा हात, सगळ्याचा तिटकारा होता.

कारण तो हात घरीही असायचाच. पोहायला जाऊ? तुझ्यासाठी नको, सर्दी होते तुला. केस कापू? नको. ती एकोणीस वर्षांची असताना तिला दूरच्या शहरात घरांच्या अंतर्गत सजावटीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. तिने बॅगही भरली होती, तपकिरी, एका बाजूचं कुलूप न लागणारी. बाबा ओसरीवर उशी ठोकत होते. काठीने एक-एक बाजू. त्यांनी तिच्याकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघायचे तसंच, जरा बाजूला होऊन, आणि म्हणाले, "ते तुझ्यासाठी नाही. तू चार ओळखीच्या भिंतींत रमणारी पोरगी." तेवढंच. ना आरडाओरडा, ना धमकी. ते परत उशी ठोकू लागले आणि कापसाची धूळ उन्हात उडत राहिली. आई असती तर मध्ये पडली असती, पण आई त्याआधीच गेली होती. तिने आत जाऊन स्वतःच बॅग रिकामी केली, माळ्यावर ठेवली. पुढे विमा कंपनीत तिने लोकांच्या पडलेल्या, जळलेल्या, पाणी शिरलेल्या घरांचे फोटो बघून फायली पुढे सरकवल्या. वाईट नव्हतं. चांगलंही नव्हतं. आणि हाच सगळ्यात मोठा घात होता, की बाबा बरोबर होते का चूक, हे तिला कधीच कळणार नव्हतं. मोडलेल्या नकाराचा निकाल लागतो. मानलेल्या नकाराची परीक्षाच होत नाही. तो तसाच राहतो, पोटात, न पचलेल्या घासासारखा, आणि माणूस चाळिशीला आलं तरी रात्री कूस बदलताना लागतो.

जुनी वेबसाइट तिनेच केली होती, नोकरीत असताना, सुटीच्या दिवशी, हौस म्हणून. प्रत्येक उशीचा फोटो काढला आणि बाबांना विचारलं, ही कुणासाठी? बाबांना सांगता येईना. ते उशी दाबून बघत, उलटी करत, आणि म्हणत, "कुणासाठी ते मला काय माहीत. पोटावर झोपणाऱ्याने घेऊ नये एवढं लिही." दुसरी उशी: "डोक्याला घाम येतो त्याने घेऊ नये." तिसरी: "ज्याला मऊ म्हणजे चांगलं वाटतं त्याने घेऊ नये, शिव्या घालील." सगळं दुकान असं उलट्या बाजूने सांगितलेलं. तिने वैतागून तसंच टाइप केलं. प्रत्येक फोटोखाली ठळक अक्षरात, कोणी घेऊ नये. आणि ते खपत गेलं. कसं, कुणी विचारलं नाही. म्हणूनच दुकान हातात आल्यावर पहिला घाव तिने तिथे घातला. वेबसाइटवाला म्हणालाच होता, की मॅडम, स्वतःच्याच मालाची निंदा कुणी लिहितं का, लोकांना हो ऐकायचं असतं. तिला तर हेच हवं होतं. तो नवीन पानं करत होता आणि ती शेजारी बसून जुन्या ओळी एकेक करून पुसत होती. काय सुख होतं ते! एक ओळ निवडायची, निळी करायची, बटण दाबायचं, बाबा गप्प. परत एक, परत गप्प. आयुष्यभराचे नको तिने एका दुपारी झाडून काढले. त्यांच्या जागी लिहिलं, ढगासारखी मऊ. लिहिलं, शांत झोपेचं वचन. लिहिलं, आपल्या प्रत्येकासाठी. ढग कुणी हातात धरून बघितलाय? पण त्या दिवशी तिला ते शब्द तिच्या स्वतःच्या खोलीला पहिल्यांदा खिडकी पडावी तसे वाटले होते.

वेबसाइटवाल्याचा परत फोन आला. त्याने म्हणे आणखी एक गोष्ट पाहिली होती, आणि ती चांगलीच होती. लोक माल निवडून टोपलीत टाकतात आणि पैसे न भरता निघून जातात, त्या सोडून दिलेल्या टोपल्या त्याने उघडल्या होत्या. एकेकीत तीन-तीन, चार-चार उशा, सगळ्या वेगळ्या. कापसाची, लोकरीची, धान्याच्या टरफलांची, पिसांची. "लोकांना सगळंच आवडतंय, मॅडम," तो म्हणाला. "फक्त शेवटी जरा ढकलायला हवं." ढकलायची तऱ्हा त्याच्याकडे तयारच होती. फोटोखाली लाल अक्षरात घालायचं, फक्त तीन शिल्लक. ती म्हणाली, घाल. रागाच्या भरात माणूस कशालाही हो म्हणतं. थोड्या वेळाने पान उघडलं तर खरंच लाल अक्षरं लुकलुकत होती, फक्त तीन शिल्लक, आणि पानावरून नजर उचलली तर समोर तीच उशी जमिनीपासून छतापर्यंत. बाबा पाणी प्यायला बाहेर आले होते. माठातून भांडं भरताना त्यांची नजर टॅबवर गेली, तिथून फळ्यांवर गेली, तिथून तिच्यावर आली. त्यांनी पाणी प्यायलं, भांडं पालथं घातलं आणि आत गेले. त्यांनी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तिने ती अक्षरं स्वतःच काढून टाकली, आणि वेबसाइटवाल्याला फोन न करता त्याच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. मग त्या टोपल्या परत उघडून बसली. एका डोक्याला चार उशा. एक डोकं, चार उशा. हे आवडणं नव्हतं, हे काहीतरी दुसरंच होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं, आणि हाताला न लागणाऱ्या गोष्टीचा राग सगळ्यात वाईट.

दुपारी दुकानाचा फोन वाजला. पलीकडे एक बाई होती. आवाज दमलेला, पण खणखणीत. मी नर्स आहे, ती म्हणाली, रात्रपाळी करते, दिवसा झोपते. तुमच्याकडून एक उशी नेली होती, ती आता बहिणीला दिली, मला परत हवी आहे, पण तुमच्या दुकानात मला माझी उशी सापडत नाहीये. नाव सांगा, मी शोधते, असं ही म्हणाली, तर नावबीव नर्सला आठवत नव्हतं. "नावाने नव्हती घेतली मी," नर्स म्हणाली. "तुमच्याकडे सगळीकडे लिहिलेलं असायचं ना, कोणी घेऊ नये. मी वाचत गेले. कुशीवर झोपणाऱ्याने घेऊ नये, ही गेली. दिवसा झोपणाऱ्याने घेऊ नये, गरम होते, ती गेली. असं करत करत एकच उरली, तिने मला नको म्हटलं नव्हतं. ती घेतली. आता सगळ्याच या या म्हणतायत. मी चार टोपलीत टाकल्या आणि कंटाळून बंद केलं." टोपल्या तिच्या डोळ्यासमोर होत्या, आणि त्या आता सगळ्या एकदम कळल्या. इतकं सोपं होतं की लाज वाटावी. म्हणजे नकोबाच विकत होते. ती नोकरीत होती तेव्हाही, ती पुसत होती तेव्हाही, उशा नकोबाच विकत होते. बाबा बरोबर. पुन्हा बाबाच बरोबर. पण नर्स अजून बोलत होती. "आणि ती एक ओळ तेवढी काढायला नको होती तुम्ही," ती म्हणाली. "ती तर मी ड्यूटीवरच्या सगळ्यांना वाचून दाखवली होती. ज्यांच्या झोप न येण्याचं कारण मानेत नाही, त्यांनी ही उशी घेऊ नये. आधी डोक्यातलं भांडण मिटवावं. कुणी लिहिली होती हो ती?" माझ्या वडिलांनी, ही म्हणाली. नर्सची उशी कोणती ते दोन प्रश्नांत कळलं, टरफलांची, बुटकी. तिने पत्ता उतरवून घेतला. मावशींना उशी काढायला सांगताना तिचा आवाज इतका चिडका निघाला की मावशी दचकल्या.

ती तरातरा आत गेली. बाबा कोपरा शिवत होते. चार कोपऱ्यांपैकी शेवटचा ते नेहमी हाताने शिवत, मशीनवर देत नसत. तिने ती ओळ त्यांना जशीच्या तशी म्हणून दाखवली, आणि विचारलं, की ही कुठून सुचली होती तुम्हाला? तिला भांडायचं होतं. ही ओळ माझ्याकडे बघून लिहायला लावली होती ना, असं तिला म्हणायचं होतं. बाबांनी चष्म्यावरून बघितलं.

"ती माझी नाही. तुझीच ती."

"माझी?"

"मी मानेपर्यंतच सांगितलं होतं. पुढचं तू घातलंस. मी म्हणालो, काढ. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या डोक्याखाली राहावं, डोक्यात शिरू नये. तू ऐकलं नाहीस." त्यांनी सुई ओढून धागा ताणला. "बरं झालं ऐकलं नाहीस. खपली ती."

ती उभीच राहिली. आणि मग खरंच आठवलं. टाइप करताना कडकडून आलेला तो राग, विमा कंपनीतल्या कुठल्याशा वरिष्ठाशी झालेलं भांडण, आणि ती ओळ अशी बोटांतून उतरली होती. 'शिव्या घालील' हेही ती इतके दिवस बाबांचं समजत होती, पण तिचंच. बाबा तसं बोलतच नसत. किती ओळी बाबांच्या होत्या आणि किती तिच्या, आता कोण सांगणार? तिने त्या सगळ्या एका माणसाच्या नावावर करून एका दुपारी जाळल्या होत्या. म्हणजे तिने स्वतःचंही तोंड दाबलं होतं आणि वर सुख मानलं होतं. हे कळून राग कमी व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्याला दुसरं दार सापडलं.

"आणि तेव्हा?" ती म्हणाली. "मी बॅग भरली होती तेव्हा. ते नको तर तुमचंच होतं."

कुठली बॅग, असं त्यांनी विचारलं नाही. "माझंच," ते म्हणाले.

"का?"

"वाटलं म्हणून. गिऱ्हाइकालाही वाटतं म्हणूनच सांगतो. चुकतोही. पण गिऱ्हाईक भांडतं. म्हणतं, माझी मान आहे. मग मी देतो बांधून." ते थांबले. "तू भांडशील म्हणून मी बसून होतो. उशी ठोकून झाली होती, तरी ठोकत बसलो होतो. तू बॅग माळ्यावर टाकलीस."

खोलीत कापसाचा तो वास, तिच्या सगळ्या बालपणाचा. तिला आधी वाटलं आपण हसणार. मग कळलं की हसू येत नाहीये. एवढंच होतं तर. एवढ्यासाठी. एक शब्द उलटा टाकायचा होता, आणि तो टाकायचा असतो हे घरातल्या पोरीला सोडून गावातल्या प्रत्येक हमालाला माहीत होतं.

"मी गिऱ्हाईक नव्हते, बाबा," ती म्हणाली. "मुलगी होते."

त्यांनी सुई कापडात घातली ती बोटात गेली, त्यांनी बोट तोंडात धरलं, आणि ते तसेच बसून राहिले, म्हातारे, तोंडात बोट घातलेले. तिला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती हे तिला कळत होतं, आणि नाही आली.

बाहेर येऊन तिने वेबसाइटवाल्याला सांगितलं, जुन्या ओळी परत लाव. तो म्हणाला, त्या तर गेल्या, मॅडम, तुम्हीच म्हणालात ना मागमूस ठेवू नकोस. तिने फोन ठेवला, टॅब पुढे ओढला आणि पहिली उशी उघडली. ढगासारखी मऊ, पुसलं. लिहिलं, ज्यांना मऊ हवी त्यांनी घेऊ नये, ही मऊ नाही, आधाराची आहे. दुसरी. ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी घेऊ नये, ही मांजराची होईल. तिसरी. कूस बदलणाऱ्याने घेऊ नये, कुरकुरते, शेजारचा जागा होईल. बोटं भराभर चालत होती, ती बाबांना विचारत नव्हती, आणि प्रत्येक ओळीत थोडा थोडा राग जात होता आणि तरी साठा कमी होत नव्हता. लाडात वाढलेल्या मानेने घेऊ नये. भेट द्यायला घेऊ नये, दुसऱ्याची मान तुम्हाला काय ठाऊक. मावशी मशीन थांबवून मागून वाचायला आल्या, तोंडाला पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, अगदी मालकांसारखं. ती म्हणाली, मालकांसारखं नाही, आणि तिच्या स्वरामुळे मावशी परत जाऊन बसल्या. टॅब एकदा टिंग झाला. मग बराच वेळ काही नाही. मग परत एकदा. दोन टिंगनी दुकान चालत नाही, हे कळायला नकोबा व्हावं लागत नाही.

कंपनीचा माणूस आला तेव्हा तिचं निम्मं झालं होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलच्या पट्टीची मोजटेप. त्याने हसून सगळ्यांना नमस्कार केला, छताकडे बघितलं, फळ्यांकडे बघितलं, या काढून टाकल्या की मोकळं होईल असं स्वतःशीच म्हणाला. मग टेपचं टोक तिच्यापुढे करून म्हणाला, "ताई, एवढं जरा भिंतीला धरता?" आणि तिने धरलं. हातात आलं आणि धरलं. तो टेप सोडत सोडत समोरच्या भिंतीकडे निघाला, पिवळी पट्टी बाकावरून, मावशींच्या मशीनपुढून, तिच्या टेबलावरून लांब होत गेली, आणि ती भिंतीला टेकून उभी, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी, टोक दाबून धरलेली. तिला स्वतःचा हात दिसला. तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. आतल्या दारात बाबा येऊन उभे होते. बोटाला कापडाची चिंधी गुंडाळलेली. त्या माणसाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते, जरा बाजूला होऊन, नेहमीसारखे.

"मी अजून सांगतो," ते म्हणाले. "दुकान तुझ्यासाठी नाही."

तिने टोक सोडलं. पट्टी सळसळत गेली आणि त्या माणसाच्या मुठीत फाटकन आपटली. तो हात झटकत मागे सरला. बाबांना भांडण ऐकू यावं म्हणून तिने आवाज वाढवला नाही, वाढवायची गरजच नव्हती.

"नसू दे," ती म्हणाली. "मी घेतलंय. परत करणार नाही."

मावशींचं मशीन थांबलं होतं. माणूस एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघत उभा होता. बाबांचं तोंड वाकडं झालं, भांडकुदळ गिऱ्हाइकापुढे व्हायचं तसं. त्यांचा हात सवयीने दाराशेजारच्या दोरीच्या भेंडोळ्याकडे गेला.

"बांधून देऊ," ते म्हणाले, "का तशीच नेतेस?"

तिला त्यांचा इतका राग आला होता, इतक्या वर्षांचा, की डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलं नाही. ती टेबलामागे जाऊन बसली आणि टॅब पुढे ओढला.

"तशीच," ती म्हणाली, आणि पुढची उशी उघडली.